यंत्रातील भजन व मंडपातील भजन

घरी उत्तम ध्वनियंत्र असल्यावर भजनास मंडपात जाण्याचे प्रयोजन काय, असे जिवती तालुक्यातील भाविक मंडळी अलीकडे आम्हांस विचारतात. "बुवा, घरबसल्या भीमसेनजींचे अभंग ऐकतो, टाळ न् टाळ वेगळा कळतो. आमच्या भजनात तर एकाचा सूर वर, दुसऱ्याचा खाली!" प्रश्न प्रामाणिक आहे; त्याचा विचारही तसाच व्हावा.

आधी पूर्वपक्ष घेऊ. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकतो. १९८२ साली बाजारात आलेली ध्वनिचकती दर सेकंदास ४४,१०० वेळा नादाचे माप घेते. कानास कळणारे सारे सूर तीत मावतात. तेव्हा यंत्रास नाद धरताच येत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

परंतु धरणे वेगळे व पुन्हा उभे करणे वेगळे. पखवाजाच्या डाव्या तोंडास कणीक लावतात, म्हणून तेथून खर्जाचा धुमकार निघतो. तो उठवावयास पुष्कळ हवा हलवावी लागते. वीतभर पेटीतील लहानशा पडद्यास ते साधत नाही. मोठ्या पेट्या आणल्या तरी दोन पेट्या त्या दोनच. मंडपात नाद चहूकडून येतो.

अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून जाहीर परीक्षा मांडल्या. गायिका यंत्राशेजारी उभी राहून गाई. मध्येच ती गप्प होई, यंत्र गातच राही. श्रोत्यांस फरक कळत नाही, अशी जाहिरात होई. त्यातले मर्म असे, की ॲना केससारखी गायिका आपला गळा यंत्राच्या मापाने आवरून धरी. म्हणजे यंत्र माणसाएवढे झाले नव्हते. माणूसच यंत्राएवढा झाला होता.

न्यायशास्त्रात 'गाईसारखा गवय' हा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. वस्तू भिन्न असून पुष्कळ धर्म समान असणे, यासच सादृश्य म्हणतात. गवय कितीही गाईसारखा असो, त्याची धार काढून कोणी वासरू पोसत नाही.

मग भेद कोठे आहे? यंत्र ऐकवते, पण ऐकत नाही. मंडपात कोणी दुःखी जीव बसलेला दिसला, तर कीर्तनकार तेच चरण पुन्हा घेतो. श्रोताही तेथे नुसता श्रोता नसतो. गजर झाला की तोच गाणारा होतो. मराठवाड्यातून येऊन या डोंगरावर वसलेल्या कुटुंबांनी टाळ-मृदंग सोबत आणले, ते काय उत्तम सूर ऐकावयास? परमुलखात एकमेकांस धरून राहावे म्हणूनही आणले. आता घरोघर यंत्र लागले आणि त्याच्या मापाने गावचे भजन बेसूर ठरले, तर मंडप ओस पडेल व पोराच्या हाती पखवाज कोण देईल?

म्हणून आमचा निर्णय असा. अंथरुणास खिळलेल्या आजीस, पावसापाण्यात वाट अडलेल्या वाडीस यंत्र हा मोठा उपकारच आहे. भीमसेनजी २०११ साली गेले, तरी त्यांचा स्वर यंत्रानेच आपणांजवळ ठेवला; शिकणाऱ्याने तो अवश्य ऐकावा. पण ज्याचे पाय चालतात त्याने एकादशीस यंत्र बंद करून मंडपात यावे. सूर थोडा खाली लागला तरी चालेल. शेजारचा वर लावतो, आणि ऐकता ऐकता आपलाही वर येतो.