चुकीला गप्प करणे

एखादी गोष्ट चालेनाशी झाली असता ती पुन्हा चालती करणे आणि ती का बंद पडली हे समजून घेणे, ही दोन कर्तव्ये आहेत की एकच, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत फारसा चर्चिलेला दिसत नाही. व्यवहारात तो रोज उभा राहतो. घड्याळजी, वैद्य, मुद्रितशोधक, मुनीम, सर्वांच्याच तो परिचयाचा आहे. आमच्या मते आज त्याचे सर्वांत स्वच्छ रूप पाहावयाचे असेल तर ते एका रूक्ष वाटणाऱ्या कामात पाहावे : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संहितेपासून तयार करताना येणाऱ्या चुकांत.

हे काम काय असते ते थोडक्यात सांगणे भाग आहे. विकत घेतलेले सॉफ्टवेअर बहुधा केवळ यंत्राला कळेल अशा तयार रूपात येते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे कर्ते मात्र माणसांनी लिहिलेली मूळ संहिताही सर्वांना खुली ठेवतात. ती यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन म्हणजे कंपाइलर. तयार माल मिळत असता हा खटाटोप कुणी करावा? उदाहरण आपल्याच घरांतले घेऊ. होळकरांची राजधानी १८१८ साली इंदूरला आली. तिच्या मागेपुढे येथे आलेल्या मराठी घराण्यांपैकी कित्येकांच्या पुढच्या पिढ्या जुन्या इंदुरातून पलासियासारख्या वस्त्यांत राहावयास गेल्या, आणि कपाटांतली पुस्तकेही बरोबर गेली. ती संगणकात उतरवून त्यांत हवा तो शब्द शोधता यावा, अशी इच्छा घरातल्या तरुणांना होणे स्वाभाविक आहे. टेसरॅक्ट नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पानाच्या छायाचित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८०च्या दशकात सुरू झालेले हे काम २००५ साली सर्वांना खुले झाले. त्यास मराठीही वाचता येते. परंतु जुन्या निर्णयसागरी वळणाच्या खिळ्यांपाशी ते अडखळू लागले, तर त्यास त्या वळणाचे शिक्षण द्यावे लागते. त्या शिक्षणाची साधने पुष्कळदा मूळ संहितेपासून स्वतःच तयार करून घ्यावी लागतात.

येथे पहिली आडकाठी येते. टेसरॅक्टला लेप्टोनिका ही चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी लागते. ती सापडत नाही असे सांगून काम थांबते. वस्तुतः ती संगणकात असते! नसतात त्या तिच्या शीर्षक-फायली, म्हणजे तिच्यात काय काय आहे हे कंपाइलरला सांगणारी सूची. डेबियन आणि उबुंटू या प्रणालींत त्या 'डेव्ह' अक्षरांनी संपणाऱ्या वेगळ्या गठ्ठ्यात मिळतात. ग्रंथ घरात आहे पण अनुक्रमणिका शेजारी राहिली आहे, अशी ही स्थिती. नेमके काय अडले हे कॉन्फिग.लॉग या नोंदवहीत लिहिलेले असते. ती उघडून वाचणारे थोडे.

पुढचा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. पँगो नावाची आणखी एक लायब्ररी नसेल, तर काम थांबत नाही. 'प्रशिक्षणाची साधने तयार होणार नाहीत' एवढी सूचना पडद्यावरील ओळींच्या रांगेत येऊन निघून जाते. शेवटी सर्व यशस्वी झाल्याचे दिसते, आणि ज्यासाठी हा उद्योग मांडला तेवढेच त्यात नसते.

तिसरी गोष्ट जुन्या कारागिरांना लगेच पटेल. एक फाइल सापडली नाही की तिच्यावर अवलंबून असलेले सारे मोडते आणि शेकडो तक्रारी उमटतात. डोळ्यांसमोर राहते ती शेवटची तक्रार. खरी असते ती पहिली. वेळ वाचावा म्हणून अनेक फायली एकाच वेळी कंपाइल करावयास सांगितले असेल, तर या तक्रारी एकमेकींत मिसळतात. जाणते लोक अशा वेळी काम पुन्हा एकेक फाइल घेऊन चालवतात आणि वर जाऊन पहिली तक्रार वाचतात.

परंतु पहिल्या तक्रारीपर्यंत जाण्याचा कंटाळा आला तर पळवाटाही आहेत. कंपाइलरला नरम पडावयास सांगता येते. सूचना दाखवू नकोस असे बजावता येते. अडवणारी ओळ टिप्पणीत टाकून निष्प्रभ करता येते. काम पुढे जाते, आणि 'चालले ना!' हा उद्गार निघतो. आम्हांस या उद्गाराचे नैतिक मोल तपासावयाचे आहे.

२००६ साली ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या बाबतीत असेच घडले. गुप्त किल्ल्या निर्माण करण्याचे काम जगभरचे संगणक त्याच्यावर सोपवतात. डेबियन प्रणालीसाठी ते सांभाळणाऱ्या स्वयंसेवकापुढे स्मृती तपासणाऱ्या एका साधनाची तक्रार आली की, येथे आरंभमूल्य न दिलेली स्मृती वापरली जात आहे. त्याने दोन ठिकाणच्या दोन ओळी निष्प्रभ केल्या. दोन्ही ओळी दिसावयास सारख्या होत्या. एक काढणे निरुपद्रवी होते. दुसरीतून किल्लीतली सारी अनिश्चितता आत येत होती. ती गेल्यावर उरला तो फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक, ज्याची मूल्ये सुमारे ३२ हजारांवर जात नाहीत. मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांच्या हे ध्यानात येईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर निर्माण झालेल्या असंख्य किल्ल्या कुणालाही हुडकून काढता येण्याजोग्या होत्या.

यात मन अस्वस्थ करणारा भाग असा, की त्या स्वयंसेवकाने आधी मूळ प्रकल्पाच्या मंडळींना विचारले होते. दोष शोधण्यास मदत होत असेल तर काढाव्यात, असे अनुकूल उत्तरही त्यास मिळाले होते. प्रश्न अर्धा समजला गेला, उत्तर अर्धे दिले गेले. त्यास बेफिकीर म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्याचा दोष सर्वसामान्य होता : तक्रार हीच अडचण आहे, असे त्याने मानले.

यावर आक्षेप येईल की, एवढे सगळे समजून कुणी घ्यावे? आक्षेप खरा आहे. केन टॉम्प्सन यांचे ट्युरिंग पुरस्काराचे व्याख्यान १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी दाखवले की कंपाइलरमध्येच अशी लबाडी पेरता येते, जी मूळ संहितेत कोठेही दिसणार नाही आणि तरी त्या कंपाइलरच्या पुढच्या प्रत्येक आवृत्तीत उतरत राहील. म्हणजे प्रत्येक ओळ वाचली तरी विश्वासाशिवाय गत्यंतर नाही. हे आम्ही मान्य करतो. तथापि जे आपण विश्वासाने स्वीकारतो आणि जे आपण आपल्या हाताने गप्प करतो, यांत भेद आहे. पहिल्याची जबाबदारी अनेकांत वाटली जाते; दुसऱ्याची वाटता येत नाही.

पाठचिकित्सेचे शास्त्र हा भेद फार पूर्वीपासून पाळत आले आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कुणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी न स्वीकारलेले पाठही पानाच्या तळाशी छापले आहेत. दुर्बोध शब्द अडवतो म्हणून तेथे सोपा शब्द बसवण्याचा मोह नकलनविसांना शतकानुशतके झाला; आणि तो अडवणारा शब्दच पुष्कळदा मूळचा असतो, हे संपादकांना ठाऊक होते. मुक्तस्रोत जगातही बदलाबरोबर त्याचे कारण लिहिण्याची पद्धत आहे. ती सर्वत्र मनापासून पाळली जाते असे मात्र नव्हे.

नुकतेच एक्सझेड या माहिती आवळून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत २०२४ साली काय झाले ते पाहावे. एका थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास हळूहळू संपादन करून कुणी अज्ञाताने त्यात चोरदार बसवले. ते उघडणारी गुप्त युक्ती प्रकल्पाच्या खुल्या भांडारात नव्हतीच. वाटपाच्या गठ्ठ्यातील बांधणीच्या फायलींत ती दडवली होती, म्हणजे सहसा कुणी वाचत नाही अशाच जागी. स्मृती तपासणाऱ्या साधनाने या वेळीही तक्रारी केल्या होत्या, आणि पुढच्या आवृत्तीत त्या बंद करण्याची व्यवस्थाही झाली होती. आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे दिसले. पूर्वीच्या त्या तक्रारींची त्यांना आठवण झाली आणि ते मागे मागे शोधत गेले. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हे उघड केले. मूळ सांभाळकर्त्याने काम पुन्हा हाती घेतले आणि मे महिन्याच्या अखेरीस स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली.