पहिल्या मुक्कामाचे बंदर

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:१-३



२४ एप्रिल १८९५ रोजी दुपारी अमेरिकेतील बोस्टन बंदरातून एक लहानसे शिडाचे गलबत निघाले. लांबी सुमारे ३७ फूट, नाव ‘स्प्रे’ आणि आत माणूस एकच, ५१ वर्षांचा कप्तान जोशुआ स्लोकम. त्यास एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची होती. तोवर हे कोणी केले नव्हते. पण पहिल्या दिवशी तो गेला कोठवर? किनाऱ्याने, जवळच्याच ग्लॉस्टर ह्या कोळ्यांच्या बंदरापर्यंत! समुद्रावर जन्म घालवलेल्या तेथील तांडेलांनी गलबतावर भरपूर सुके मासे व एक पीप तेल चढवले. शिवाय आपल्या वापरातला एक कंदील भेट दिला. खवळलेल्या समुद्रावर तेल सोडले म्हणजे लाटांचा जोर मोडतो, हे ते अनुभवाने जाणत होते. २७ जून १८९८ रोजी ४६,००० मैलांहून अधिक प्रवास करून स्लोकम सुखरूप परतला.

आता पौलाचा प्रवास पाहा. कैसरीयाहून बंदिवान म्हणून तो निघाला, तो किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या जहाजातून. दुसऱ्या दिवशी ते सीदोनास लागले. शताधिपती यूल्याने ममता दाखवून त्यास मित्रांकडे जाऊ दिले. ह्यानंतर वारे विरुद्ध झाले, वादळ आले, पुढे दुसरे जहाज घेतले होते तेही फुटले; तरी २७६ जणांपैकी एकही दगावला नाही. त्या वादळात सर्वांस धीर देणाऱ्या पौलाने सीदोनात प्रथम इतरांच्या हातची सेवा स्वीकारली. ‘मला कोणाची गरज नाही’ असे तो प्रेषित म्हणाला नाही.

सीदोनच्या त्या मित्रांची नावे शास्त्रात नाहीत. वादळ त्यांनी थांबवले नाही. एका मुक्कामाचे काम त्यांच्या वाट्यास आले, ते त्यांनी केले.

आपल्या इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मंडळ्यांतही असे प्रवासी येतात. नोकरीसाठी प्रथमच घर सोडलेला एखादा तरुण पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसतो. उपासना संपते. आपण आपसांत बोलत उभे राहतो आणि तो मुकाट्याने निघून जातो. पुढच्या रविवारी तो दिसत नाही, तेव्हा आपण म्हणतो, “आजची मुले देवास विसरली.” बंधुभगिनींनो, तो देवास विसरला, की आपलेच बंदर त्या दिवशी बंद होते?

त्याच्या आयुष्यात पुढे कोणते वारे सुटतील, हे आपणांस ठाऊक नाही. आपल्यापाशी पीपभर तेल नसेल. पण एक वेळचे जेवण आहे, त्याचे नाव विचारण्यास जीभ आहे. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनो, वर्गात नवे मूल आले तर पाठ थोडा थांबवा. आधी त्यास कोणाशेजारी तरी बसवा. आणि घर सोडून निघालेल्या तरुणांनो, कोणी दार उघडले तर संकोचाने परत फिरू नका. पौलही त्या दारातून आत गेला.

प्रभू आपल्या प्रत्येक मंडळीस सीदोन करो. आमेन.