पुरूची कैफियत

यंदाच्या उन्हाळ्यात, सोलापुरात दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणे अशक्य झाले त्या दिवसांत, वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) पुन्हा एकवार वाचली आणि तिच्या पाठोपाठ शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) हे आत्मकथन हाती घेतले. हा योगायोग घडला नसता, तर कर्मसिद्धान्ताविषयी माझ्या मनात जी स्वस्थता वर्षानुवर्षे नांदत होती, ती बहुधा तशीच नांदत राहिली असती.

‘ययाति’विषयीचे माझे मत आता पूर्वीइतके अनुकूल राहिलेले नाही. कच या पात्राच्या तोंडची प्रवचने या खेपेस फार लांबली असे वाटले. शर्मिष्ठेचे निवेदन मात्र अजूनही मनाचा ठाव घेते. परंतु खरी खटकणारी गोष्ट निराळीच आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही आळीपाळीने आपापली बाजू मांडतात. पण बापाच्या वासनेचा दंड म्हणून ज्याने स्वतःच्या तारुण्याच्या ऐन भरात वार्धक्य पत्करले, त्या ययातिपुत्र पुरूची जबानी काही या दप्तरात दाखल नाही. त्याचा त्याग सर्वांना दिसतो, त्याची फिर्याद कोणी लिहून घेत नाही.

ती फिर्याद मला ‘अक्करमाशी’त, अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर गावी सापडली. पिता पाटील, माता महार, आणि बापाचे नाव काय या साध्या प्रश्नापुढे निरुत्तर होणारा मुलगा; आजी संतामाई शेणातून ज्वारीचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्यांची भाकरी थापते. ज्वारीच्या मुलखात जन्म घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या भाकरीवरून पान उलटणे जड गेले.

अशा वेळी कर्मसिद्धान्ताचे उत्तर आठवते. सृष्टीतील विषमता पाहून ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप येतो, हे ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात उघडपणे मान्य केलेले आहे. त्यावर भाष्यकार शंकराचार्य असे उत्तर देतात की, पर्जन्य सर्वत्र सारखाच असतो, पिकांतील भेद बीजांचा असतो, आणि तद्वत् जीवांतील भेद त्यांच्या कर्मांचा असतो. युक्तिवाद म्हणून हे उत्तर निर्दोष आहे, आणि आरंभी कर्म कोठून आले असे विचारावे, तर संसार अनादि असल्याचे सांगून तीही वाट बंद केलेली आहे. पण ज्या जिल्ह्यात एका शिवारावर मेघ कोसळतो आणि लगतचे शिवार कोरडे राहते, तेथील माणसाला मुळात तो दृष्टान्तच पचायला कठीण! शिवाय, ज्याच्या पूर्वकर्माची नोंद कोणीही, खुद्द त्यानेही, पाहिलेली नाही, त्याच्याविरुद्ध तीच नोंद पुराव्यादाखल पुढे करणे कोणत्या न्यायात बसते? हन्नूरच्या प्रकरणात तर कर्ता, म्हणजे त्या मुलाचा पिता, समोर हजर आहे, आणि त्याचे कर्म शोधण्यासाठी मागच्या जन्मापर्यंत जाण्याची गरज नाही.

‘अक्करमाशी’तील काही प्रसंग घाईने उरकले आहेत, निवेदन ठिकठिकाणी तुटते, हे दोष मी लपवत नाही. तरीही वाचकांस विनंती अशी की, ही दोन पुस्तके वाचायची झाल्यास आधी ‘ययाति’ आणि मागाहून ‘अक्करमाशी’ याच क्रमाने वाचावीत. उलट क्रमाने वाचल्यास ‘ययाति’ पुरी होणे कठीण.