तासाभराचे पाहुणे

आज मनाने एका जंगलात जायचं आहे. डोळे मिटायची गरज नाही, मांडी घालून बसायचीही नाही. वाचता वाचता जिथे थांबावंसं वाटेल तिथे खुशाल थांबा. पुढच्या परिच्छेदाची गाडी चुकणार नाही.

युगांडाच्या पश्चिमेला फोर्ट पोर्टल नावाचं शहर आहे. तिथून दक्षिणेकडे निघालं की चहाचे मळे लागतात. विषुववृत्त अगदी जवळ, पण उंचीमुळे सकाळी स्वेटर अंगात असलेला बरा. मळे एका ठिकाणी अचानक संपतात आणि समोर झाडांची भिंत उभी राहते. हे किबाले: सुमारे आठशे चौरस किलोमीटरचं जंगल, माकडांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या तेरा जाती, आणि चौदा-पंधराशेच्या घरात चिंपांझी.

त्या सीमेवरच पहिल्यांदा थांबू. एका बाजूला छाटलेला चहा, दुसऱ्या बाजूला अंधारी हिरवाई. ही रेघ माणसाने मारलेली आहे. १९३२ साली इथे राखीव वन झालं, पुढे १९६०च्या दशकात त्यातली मोठी झाडं इमारती लाकडासाठी पाडली गेली. दक्षिणेकडच्या पट्ट्यात लोक घरं बांधून शेती करत होते. १९९२ मध्ये सरकारने त्या हजारो लोकांना तिथून हुसकावलं आणि १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत 'माणसाचा स्पर्श न झालेलं अरण्य' असं काही वाचलंत, तर ही माणसं आठवा. जंगल त्यामुळे कमी सुंदर होत नाही, पण आपण कुणाच्या जागेवरून चाललो आहोत हे ठाऊक असावं.

आता आत शिरू. कान्यांचू इथे उद्यानाचं केंद्र आहे. सकाळी सूचना मिळतात: तोंडाला मास्क, चिंपांझींसमोर खाणं-पिणं बंद, आठ-दहा मीटरांच्या आत जायचं नाही, आणि चिंपांझी दिसल्यापासून एक तास. मार्गदर्शकाच्या खांद्यावर बंदूक असते. जंगलात हत्ती आहेत. एखादा अंगावर आलाच तर हवेत बार काढून त्याला परतवायचं, एवढ्यासाठी ती. निघण्याआधी आणखी एक: इकडच्या बाटोरो लोकांत प्रत्येकाला जन्मनावाखेरीज एक 'एम्पाको' असतं, साऱ्या समाजात मिळून डझनभर मायेची नावं, त्यांतलं एक. पाहुण्यालाही हौसेने एखादं देतात. माणसांनी अशी लगेच दखल घ्यावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपण अशांच्या पुढ्यात उभं राहावं, जे मुळीच घेणार नाहीत.

चालताना काही बघायचा आटापिटा करू नका. या जंगलात डोळ्यांच्या आधी कान पोचतात. आधी वाटतं, शांतता आहे. मग एकेक थर सुटा होतो. ओल्या पानांवर स्वतःच्या बुटांचा चपचपाट. वर कुठेतरी फांदीवरून फांदीवर पडलेलं जड अंग. ते बहुधा तांबडं कोलोबस माकड. डोक्यावरून जाणारा जोरकस सूं-सूं आवाज धनेशाच्या पंखांचा. कोकणात ज्याने धनेश उडताना ऐकला आहे त्याला तो लगेच ओळखू येईल. मार्गदर्शक चिखलात बोट दाखवतो. तिथे बोटांच्या पेरांचे ठसे आहेत, कारण चिंपांझी मुठी टेकून चालतो. थोडं पुढे एका अंजिराच्या झाडाखाली चोथे पडलेले. ही झाडं आपल्या उंबराच्या कुळातली, काहींना तशीच खोडावर फळं लगडतात. चिंपांझी फळांचा गोळा खालच्या ओठात धरतो, दाबून दाबून रस शोषतो आणि कोरडा चोथा थुंकून देतो, उसाचं चिपाड टाकावं तसा. एक चोथा पायाने न तुडवता नीट बघा. त्यात दातांच्या रांगेचा ठसा उमटलेला असतो. अजून ओला असेल तर मंडळी लांब नाहीत.

मान वर करा. फांद्यांच्या बेचक्यात पानांचा पसरट ढीग दिसतो. ते कालचं अंथरूण. मोठा झालेला प्रत्येक चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून, एकमेकींत अडकवून नवं अंथरूण करतो. पाच-सात मिनिटांचं काम. सकाळी ते सोडून निघतो. त्याला ना कुलूप, ना मालकी. इथे जरा रेंगाळा. आपल्याला एका रात्रीच्या प्रवासासाठी काय काय लागतं, त्याची मनातल्या मनात यादी करून बघा. यादी लांबली तर लांबू द्या.

आणि मग ती आरोळी. खालच्या पट्टीत 'हू, हू' अशी सुरू होते, श्वासागणिक चढत जाते आणि शेवटी किंकाळीत फुटते. दुसरीकडून उत्तर येतं. कुणीतरी झाडाच्या फळ्यांसारख्या रुंद मुळांवर हातापायांनी धाडधाड वाजवतो. पोटात धस्स होतं. होऊ द्या. भीती वाटली म्हणून लाजायचं कारण नाही. ते काही भजन चाललेलं नसतं.

आता तो तास.

जमिनीवर दोन नर बसलेत. एकाने हात वर करून फांदी धरली आहे, दुसरा त्याच्या काखेतले केस अंगठ्याने विंचरतो आहे. केस दुभंगून खालची फिकट कातडी दिसते. काहीतरी सापडतं, तो ओठ पुढे काढून ते टिपतो. कामात गढल्यावर त्याचे दात हलके कटकट वाजतात. नखं आपल्यासारखी, तळव्याच्या रेघा आपल्यासारख्या. मध्येच तो मान वळवतो. नजर तुमच्यावरून जाते. थांबत नाही. झाड, झुडूप, तुम्ही, पुढचं झाड.

या नजरेपाशी जितका वेळ बसता येईल तितका बसा. फोटो पहिल्या पाच मिनिटांत उरकून घ्या. त्यानंतरचे सगळे तसेच येतात. आपण कुठेही शिरलो की तिथलं वातावरण आपल्यामुळे बदलतं, याची आपल्याला भारी सवय आहे. घरात पाणी विचारतात, दुकानात 'या साहेब' म्हणतात, माकडंसुद्धा हातातली पिशवी बघून पुढे येतात. इथे काहीच होत नाही. आणि हे 'काहीच नाही' फार कष्टाने मिळालेलं आहे. कान्यांचूच्या टोळीला माणसाची सवय करायचं काम १९९१च्या सुमाराला सुरू झालं. रोज जायचं, ते पळून जायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. अशी वर्षं जातात. जेन गुडाल यांनी १९६०च्या दशकात टांझानियातल्या गोंबेत केळी ठेवून चिंपांझींना जवळ आणलं. त्यातून मारामाऱ्या वाढल्या आणि त्या पद्धतीवर टीकाही झाली. किबालेत केळं नव्हतं. ही दोन पायांची मंडळी काही देत नाहीत आणि काही करत नाहीत, एवढंच त्या जनावरांना हळूहळू पटत गेलं.

मात्र या शांत बसलेल्या दोघांना साधू करून टाकू नका. याच जंगलातल्या न्गोगो टोळीवर नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये 'चिंप एम्पायर' ही मालिका दाखवली. त्या टोळीतले नर रांगेने, चिडीचूप, शेजाऱ्यांच्या हद्दीत शिरतात आणि एकटा-दुकटा सापडला तर मारतात. दहा वर्षांच्या अशा चढायांनंतर टोळीने २००९ मध्ये शेजारचा मुलूख व्यापला आणि तिची हद्द सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. काखेतले केस मायेने विंचरणारा तो अंगठा आणि चढाईवर जाणारा हात वेगळे नाहीत. हे पचवायला जड जातं. घाईने 'शेवटी माणसासारखेच' असं म्हणून मोकळं होऊ नका. त्यात त्यांना समजून घेण्यापेक्षा आपली सुटका जास्त असते.

तास संपत आला. एक मादी पोराला पोटाशी घेऊन समोरून जाते. तिचा उजवा पंजा मनगटापाशी संपलेला आहे. बाटोरो लोक चिंपांझी खात नाहीत. तारेचे फास लावले जातात ते छोट्या हरणांसाठी आणि रानडुकरांसाठी, पण कोण अडकतंय हे फास बघत नाही. १९९७पासून जंगल पिंजून फास काढणारी पथकं इथे काम करत आहेत, तरी असे थोटे हात अजून दिसतात. ती मादी त्याच थोट्या हाताने फांदी कवेत घेते, अंग उचलते, वर जाते. पोर घट्ट चिकटलेलं.

आणि आता मास्कविषयी. तो दमट, गुदमरवणारा मास्क, जो सगळा वेळ खाली ओढावासा वाटतो. २०१३ मध्ये किबालेच्याच कान्यावारा टोळीत श्वसनाचा आजार पसरला आणि पाच चिंपांझी गेले. कारण निघालं एक ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे माणसाच्या सर्दीचा विषाणू. २०१६-१७च्या सुमाराला न्गोगोत दोनशेच्या टोळीतले २५ मेले, तेही माणसात बहुतेकदा साध्या सर्दी-खोकल्यावर निभावणाऱ्या विषाणूने. आपल्याकडे दुर्लक्ष करायला शिकले म्हणूनच त्यांनी आपल्याला इतकं जवळ येऊ दिलं. पळून गेले असते तर आपला खोकला त्यांच्यापर्यंत पोचला नसता.

कधी किबालेला जायचा योग आला तर परवाना आधीपासून काढून ठेवा, पिवळ्या तापाची लस घ्या, बूट चिखलाला पुरे पडतील असे घ्या. परवाना महाग आहे, आणि पैसे भरून इतक्या लांब आल्यावर थोडी कणकण, थोडा खवखवणारा घसा लपवायचा मोह भल्याभल्यांना होतो. तुम्ही लपवू नका. मार्गदर्शकाला सांगा आणि त्या दिवशी मागे राहा.