रुतलेली वाटी आणि विकर्म

मोटारसायकलच्या फ्रेममध्ये पुढे हँडलची नळी असते. तिच्या दोन्ही टोकांना पोलादी वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. त्यांत छर्रे फिरतात, म्हणून हँडल वळते. फ्रेमला नवा रंग द्यायचा तर या वाट्या आधी काढाव्या लागतात. वाळूच्या माऱ्याने जुना रंग उतरवताना वाळूचे कण छर्र्यांच्या वाटेत शिरतात, आणि पावडर कोटिंगच्या भट्टीत साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला राहिलेले ग्रीस पातळ होऊन नव्या थरावर ओघळते. जुनी बुलेट उघडणाऱ्याचे काम बहुधा इथेच अडते. वाटी हलत नाही.

त्याची कारणे साधी आहेत. वाटीचा बाहेरचा व्यास नळीच्या आतल्या व्यासापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. वर्षानुवर्षे पाणी मुरले की तिथे गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि दोन धातूंमध्ये पाचरीसारखा बसतो. नळीच्या विरुद्ध टोकातून लांब पंच घालून वाटीच्या कडेवर ठोके द्यायचे, एक या बाजूला, एक त्या बाजूला, ही नेहमीची रीत. एकाच बाजूला जोराने मारले तर वाटी तिरकी होते, आणि तिरकी झालेली वाटी पहिल्यापेक्षा घट्ट रुतते.

या तिरक्या वाटीत एक जुना प्रश्न दडलेला आहे: कर्त्याच्या मनाची अवस्था हा कर्माचाच भाग आहे, की कर्माबाहेरची गोष्ट? विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत विकर्माचा विचार येतो. जुने भाष्यकार विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म मानतात. विनोबांनी बाहेरच्या कर्माला मिळणारी मनाची आतली जोड असा अर्थ घेतला. ही जोड मिळाली की कर्माचे ओझे उरत नाही, असे त्यांचे म्हणणे.

यावर रास्त आक्षेप असा, की लोखंडाला मन कळत नाही. ठोका शांत माणसाने मारला काय किंवा चिडलेल्याने, बल तेवढेच. पण ठोका कुठे बसतो, हे मनावर ठरते. चिडलेला माणूस बाजू बदलायला विसरतो. घट्ट बसलेल्या वाटीवरचा ठोका आणि सुटू लागलेल्या वाटीवरचा ठोका यांचे आवाज वेगळे असतात, आणि ते ऐकायला लक्ष रिकामे असावे लागते. मनाचा परिणाम लोखंडावर होतो तो हाताच्या आणि कानाच्या मार्गाने. त्यात गूढ काही नाही, आणि म्हणूनच तो नाकारताही येत नाही.

मोटारसायकलच्या दुरुस्तीला तत्त्वचिंतनात आणणारा अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिग काही काळ बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिकला होता. 1974 साली आलेल्या त्याच्या पुस्तकात बनारसच्या वर्गातला एक प्रसंग आहे. जग मायिक आहे असे शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारले जाते, की हिरोशिमा आणि नागासाकीवरचे बॉम्बही मायिकच का. ते हसून होकार देतात, आणि विचारणारा विद्यार्थी वर्गातून निघून जातो. प्रश्न खरा होता, पण त्या उत्तरावर अद्वैत संपत नाही. शंकराचार्यांनी व्यवहाराची सत्ता व्यवहारापुरती मान्य केली आहे. ब्रह्मज्ञान होईपर्यंत लोखंड कठीणच असते आणि जखम जखमच. त्याच पुस्तकात पिर्सिग अडून बसलेल्या स्क्रूबद्दल लिहितो, ते अधिक मोलाचे: माणूस अडतो तेव्हाच ठरीव समजुती गळतात आणि वस्तू जशी आहे तशी दिसू लागते.

तशी ती दिसली की उपायही दिसतात. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. नळीला बाहेरून उष्णता द्यावी: 50 मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी 100 अंशांनी तापली की सुमारे 0.06 मिलिमीटर फुगते, फक्त वाटी तापण्याआधी हात चालला पाहिजे. पंच टेकवायला कडच नसेल, तर वाटीच्या आतल्या अंगावर वेल्डिंगची रेघ गोल ओढतात. ती थंड होताना आकसते, वाटीला आत खेचते आणि पकड सुटते. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दांड्यावर घट्ट बसलेली खालची कडी ग्राइंडरने जवळजवळ आरपार कापून छिन्नीने तडकवावी लागते. हे पोलाद कडक आणि ठिसूळ असते, त्याचे तुकडे उडतात. चष्म्याशिवाय हे काम करूच नये.

कापणे म्हणजे हार, असे अनेकांना वाटते. तो अभिमान आहे, कौशल्य नव्हे. जुनी वाटी भंगारातच जाणार असते; टिकायची असते ती फ्रेम आणि चिमट्याचा दांडा. जाणारे कोणते आणि राहणारे कोणते हे ओळखण्याला वेदान्ताने साधनेत पहिली जागा दिली आहे, आणि कारागिराला ती ओळख ग्राइंडर दांड्याला लागण्याआधी व्हावी लागते. नळीचे आतले अंगही राहणाऱ्यांतलेच. पावडरचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे नव्या वाटीची पकड ज्या शतांशांवर ठरते त्यांच्याहून बहुधा जास्त. म्हणून नळीची दोन्ही टोके नीट झाकून मगच फ्रेम रंगाला द्यावी.