भोग की बोजा?

मणक्यातल्या सरकलेल्या गादीचे ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. तरी कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज चमकल्यासारखी कळ येतेच. मांडी घालून पारायण जमेना, म्हणून यंदा पडूनच गुरुचरित्र ऐकले. भेटायला आलेले शेजारी म्हणाले, "काका, मागच्या जन्मीचे भोग, दुसरं काय!" त्या रात्री कळेपेक्षा ते वाक्यच जास्त टोचले.

डॉक्टर म्हणाले, "दाब गेला, पण दबलेली नस शांत व्हायला महिने लागतात." मी बँकेतला माणूस, लगेच पटले. कर्ज फिटले तरी सातबाऱ्यावरचा बोजा त्याच दिवशी उतरत नाही. दाखला द्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो. तोवर त्या शेतकऱ्याला कुणी थकबाकीदार म्हणत नाही.

म्हणून वेळेवर गोळी घेतो, सांगितले तेवढे चालतो आणि नाम घेतो. गोळीने श्रद्धा उणी होत नाही. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुखण्यात आधार म्हणून धरावा. दुसऱ्याच्या दुखण्यावर शिक्क्यासारखा मारू नये. नोकरीत असताना एका आजारी सहकाऱ्याला मीही असेच म्हणालो होतो. महाराज, क्षमा असावी.