पावतीवरचे नाव

रमजानच्या तिसऱ्या अशऱ्यात आम्ही चार-पाच शिक्षक पावतीपुस्तक घेऊन नांदेडच्या मोहल्ल्यांतून फिरतो. उर्दू माध्यमातून दहावीला चांगले गुण मिळवलेल्या एखाद-दुसऱ्या मुलीला विज्ञान शाखेसाठी लातूरला पाठवायचे असते. ‘लातूर पॅटर्न’चे नाव जेवढे मोठे तेवढाच खर्चही मोठा. शिकवणीची फी, वसतिगृह, खानावळ! रिक्षा चालवणाऱ्या बापाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे.

गेल्या रमजानात एका गल्लीतल्या हिजड्यांच्या घरासमोरून आम्ही नेहमीसारखेच मान खाली घालून पुढे निघालो. मागून हाक आली, “मास्टरसाब, हमारा घर छोड़को कायकू जारे?” त्या घराच्या गुरू दारात उभ्या होत्या. मोहल्ला त्यांना आपा म्हणतो. त्यांनी पाच हजार रुपये आमच्या हातावर ठेवले. आमच्यापैकी पावती लिहिणाऱ्या सरांचा पेन क्षणभर थांबला आणि मग त्यांनी लिहिले, ‘बंदा-ए-खुदा’. आपांनी पावती वाचली. त्या हसल्या, बोलल्या मात्र काही नाहीत. निघताना त्यांनी एक गोष्ट सुचवली. लातूरला राहणारी त्यांची एक चेली गझल चांगली गाते, दुसरी मराठीत कविता लिहिते. त्यांच्या ओळखीतले दोन तरुण आहेत, मुलांवर प्रेम करणारे, तेही लिहितात. एका रविवारी दुपारी लातूरला छोटा हॉल घेऊ, तिकीट लावू, जमेल ते सगळे मुलींच्या फीसाठी.

ईदनंतरच्या बैठकीत हा विषय निघाला आणि पाच मिनिटांत निकालात निघाला. पैसे ठेवायचे, मैफल नको. आम्हीही मान हलवली. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही.

नाकारणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. शरीयतच्या दृष्टीने समलिंगी संबंधांबद्दल बहुसंख्य उलेमांचे मत काय आहे हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही मुफ्ती नाही, त्यावर फतवा देण्याची आमची पात्रता नाही. एका सरांनी कमाईचा मुद्दा काढला. शुद्ध कमाईतलेच दान अल्लाहच्या दरबारी कबूल होते, ही हदीस त्यांनी सांगितली. ठीक आहे. पण मग ते पाच हजारही परत करायला हवे होते! ते आपांच्या बधाईच्या कमाईतलेच होते. कमाई नापाक असेल तर पैसा घेऊ नये, पाक असेल तर नाव लिहावे. पैसा घ्यायचा आणि नाव गाळायचे, ही तिसरी वाट कोणत्या किताबात आहे?

गुप्तदानाचा दाखला इथे लगेच दिला जातो. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये इतक्या गुपचूप देणाऱ्याचा दर्जा हदीसमध्ये मोठा सांगितला आहे. कुरआनमध्ये सूरह बकरात उघड दानालाही चांगले म्हटले आहे आणि गुप्त दानाला अधिक चांगले. पण हा परदा देणाऱ्याने स्वत:च्या नेकीवर घालायचा असतो. आपांनी नाव लपवा असे सांगितले नव्हते. परदा आम्ही घातला, तोही त्यांच्या नेकीसाठी नव्हे, आमच्या अब्रूसाठी. त्याच सूरहमध्ये दान देऊन वर मन दुखावणाऱ्याचे दान वाया जाते असे सांगितले आहे. दान घेऊन देणाऱ्याचे मन दुखावणाऱ्याचा हिशेब काय, हा प्रश्न आम्हाला छळतो.

गाण्या-कवितेलाच एवढा विरोध का? मुलगा झाला की आपल्याच घरांतून बधाई दिली जाते, त्यांची दुआ लागते अशी आपली श्रद्धा असते. मग दुआ चालते आणि गझल चालत नाही, असे का? १९१९ साली निजाम सरकारने हिजड्यांसाठी एक कायदा केला. त्यांची नोंदवही ठेवायची, आणि बायकी पोशाखात रस्त्यात वा सार्वजनिक जागी गाताना-नाचताना दिसले तर वॉरंटशिवाय अटक. नांदेड आणि लातूरही तेव्हा त्याच संस्थानात होते. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो कायदा २०२३ साली रद्दबातल ठरवला. म्हणजे शंभर वर्षे त्यांचे गाणे कागदावर गुन्हा होते. आणि त्याच्याही कितीतरी आधी, इस्लामच्या पहिल्या शतकात, मदिन्यात तुवैस नावाचा गायक होऊन गेला. मुखन्नस म्हणूनच त्याची ओळख होती, आणि अबुल फरज इस्फहानींच्या ‘किताबुल अगानी’त त्याला स्थान आहे. त्यावरून सारे जायज ठरते असे आम्ही म्हणत नाही. इतिहासाने त्याचे नाव गाळले नाही, एवढेच.

आमच्या पेशाचीही एक कबुली देऊन टाकतो. वर्गात आम्ही सिराज औरंगाबादी शिकवतो. आपल्याच मराठवाड्यातला अठराव्या शतकातला हा सूफी शायर. त्यांच्या ‘बोस्तान-ए-खयाल’ या मसनवीत एका तरुणावरच्या प्रेमाची व्यथा आहे. मुलांनी विचारले की आम्ही फळ्यावर ‘इश्क-ए-हकीकी’ लिहितो आणि पुढे सरकतो. ते खोटे नाही, पण पुरतेही नाही. तिथेही आम्ही ‘बंदा-ए-खुदा’च लिहिलेले असते.

मुंबईत २०१४ पासून ‘रेनबो व्हॉइसेस’ हा गायकवृंद उघडपणे गातो आहे. मराठीत दिशा पिंकी शेख यांच्या कवितेने तृतीयपंथी माणसाला स्वत:चा आवाज दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांना ओळख दिली आणि २०१८ साली प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. कायद्याचे काम कायद्याने केले. मोहल्ल्याचे काम मोहल्ल्यालाच करावे लागेल.

लातूरशी दानाचे एक जुने नातेही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसे गेली. तेव्हा आम्ही पाळण्यात होतो. घरात ऐकलेले आठवते, की देशभरातून आलेली घोंगडी पांघरताना कोणी विचारले नाही, ती कोणाच्या घरातून आली. मात्र एका सरांनी आम्हाला बरोबर अडवले. ते म्हणाले, “घोंगडीचे ठीक आहे. पण ही मुलगी उद्या लग्नाची होईल, लोक तिला विचारतील, तू कोणाच्या पैशांवर शिकलीस?” या प्रश्नाला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. आमच्या उदारपणाची किंमत त्या पोरीने मोजावी, हे आम्हाला मान्य नाही. पण तिच्यासाठी निर्णय घेताना आम्ही तिला विचारलेही नव्हते.

जूनमध्ये ती लातूरला गेली. ऑगस्टमध्ये तिचे पत्र आले, सुंदर उर्दू अक्षरात. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्या सर्वांना तिला आभाराची पत्रे लिहायची होती. नावे आणि पत्ते कळवा, असे तिने लिहिले होते. आम्ही पावतीपुस्तक काढून नावे उतरवू लागलो. किराणा दुकानदार, दोन डॉक्टर, एक निवृत्त तहसीलदार. मग ती पावती आली.

रविवारी आम्ही आपांकडे गेलो. पत्र वाचून दाखवले, नाव कळवू का, असे विचारले. त्यांनी आधी चहा ठेवला. मग म्हणाल्या, “पहले वो पावती बदलके दो मास्टरसाब, फिर पत्ता लिखो.”

मैफलीचा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा ठेवला आहे. दोघे बाजूने आहेत, दोघे विरोधात. पाचवे सर म्हणतात, घरी विचारून सांगतो.